कूलर, मोटर आणि ओले हात
जुना जालना भागात उन्हाळ्यात पत्र्याच्या घरात कूलरशिवाय राहवत नाही. नळाला पाणी आले की टिल्लू मोटर लावायचीही घाई. पाणी आणि वीज एकत्र येण्याच्या याच दोन जागा.

आतली वायर सोलली, की करंट लोखंडी कूलरच्या पत्र्यात उतरतो. अर्थिंग असेल तर तो जमिनीत जातो. नसेल तर ओल्या फरशीवर अनवाणी उभ्या माणसाच्या अंगातून. म्हणून लोखंडी कूलरला दोन पिनांचा प्लग आम्हाला धोक्याचाच वाटतो. तीन पिनांचा लावा, आणि अर्थिंगची तार बोर्डापर्यंत खरोखर आली आहे का, हे वायरमनकडून बघून घ्या. कित्येक घरांत ते तिसरे भोक नुसते शोभेचे असते. ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवला, तर करंट गळताच वीज आपोआप तुटते. पाणी भरताना बटण बंद करून प्लगही काढा. लेकरं जाळीला तोंड लावून आवाज काढतात, त्यांना तिथून उठवा.

कोणी चिकटलेच तर हाताने ओढू नका, ओढणाराही चिकटतो. आधी मेन स्विच बंद करा. ते जमेना, तर कोरड्या लाकडी काठीने वायर दूर सारा. श्वास थांबला असेल तर छातीच्या मधोमध मिनिटाला १०० ते १२० वेळा जोराने दाबत राहा. १०८ला फोन दुसऱ्याने करावा. माणूस शुद्धीवर आला तरी दवाखान्यात न्याच, कारण हृदयाचे ठोके नंतरही बिघडू शकतात.