विधानसभेच्या वाटेने राष्ट्रीय पक्ष

नवी दिल्ली : जुलै २०२२ मध्ये आम आदमी पक्षाचा लोकसभेत एकही सदस्य नव्हता, राज्यसभेत मात्र त्याचे दहा खासदार होते. लोकसभेच्या निकालांवरूनच पक्षाचे बळ जोखणाऱ्यांना हे कोडे वाटेल. त्याचे उत्तर विधानसभा निवडणुकांत आहे.

नोव्हेंबर २०१२ मध्ये स्थापन झालेल्या या पक्षाने २०१३ च्या दिल्ली विधानसभेत ७० पैकी २८ जागा मिळविल्या आणि २०१५ मध्ये थेट ६७. पंजाबात २०१७ साली २० जागांसह तो प्रमुख विरोधी पक्ष ठरला. २०२२ मध्ये ११७ पैकी ९२ जागा जिंकून सत्तेवर आला.

राज्यसभेचे सदस्य विधानसभेतील आमदार निवडतात. दिल्लीच्या वाट्याला तीन जागा येतात, पंजाबच्या वाट्याला सात. पंजाबातील सातही जागा २०२२ सालीच, अवघ्या काही महिन्यांत रिक्त झाल्याने नव्या विधानसभेतील प्रचंड बहुमताचा पुरेपूर लाभ पक्षाला मिळाला. हा योगायोगही विसरता येणार नाही. त्याच सुमारास भगवंत मान मुख्यमंत्री झाल्याने रिक्त झालेली संगरूरची लोकसभेची एकमेव जागा पक्षाने पोटनिवडणुकीत गमावली.

दुसरा लाभ मान्यतेचा. चार राज्यांत राज्य पक्ष म्हणून मान्यता असल्यास पक्षाला राष्ट्रीय दर्जा मिळू शकतो. राज्य पक्ष होण्याचा एक निकष असा : विधानसभा निवडणुकीत किमान सहा टक्के वैध मते आणि दोन जागा. येथे छोट्या गोव्याचे मोल कळते. २०१७ मध्ये तेथे पक्षाची पाटी कोरी राहिली होती. २०२२ मध्ये साष्टीतील बाणावली आणि वेळ्ळी या दोन जागा व सहा टक्क्यांहून किंचित अधिक मते मिळाली. निकष जेमतेम पूर्ण झाला, पण झाला. डिसेंबरात गुजरातमध्ये १८२ पैकी पाचच जागा आल्या, तरी सुमारे १३ टक्के मतांमुळे चौथे राज्य गाठले गेले. पराभवही असा उपयोगी पडतो.

१० एप्रिल २०२३ रोजी निवडणूक आयोगाने राष्ट्रीय दर्जा दिला आणि 'झाडू' हे चिन्ह देशभर या पक्षासाठी राखीव झाले. त्याच दिवशी राष्ट्रवादी काँग्रेस, तृणमूल काँग्रेस व भारतीय कम्युनिस्ट पक्ष यांचा राष्ट्रीय दर्जा काढून घेण्यात आला.

विधानसभेतून आलेले बळ विधानसभेतच ओसरते, मात्र सावकाश. फेब्रुवारी २०२५ मध्ये दिल्लीत पक्ष २२ जागांवर घसरला, सत्ता गेली. दिल्लीतून जानेवारी २०२४ मध्ये राज्यसभेवर निवडल्या गेलेल्या तिघांची मुदत मात्र २०३० पर्यंतची. पंजाबच्या सात जागांची मुदत २०२८ मध्ये संपते. त्या भरण्याचा अधिकार २०२७ मध्ये निवडल्या जाणाऱ्या विधानसभेकडे असेल.