होकार देण्यापूर्वीचे प्रश्न

लग्न ठरले की आपल्याकडे सारे घर कामाला लागते. हॉल, आचारी, पत्रिका, आहेर, मानपान यांच्या याद्या होतात. कागलसारख्या गावातल्या ख्रिस्ती घरातही चित्र फारसे निराळे नसते. अनेक घरांत हळद लागते, बांगड्या भरल्या जातात. पाहुणे कोल्हापुराहून येतात, तसे हद्दीपलीकडच्या निपाणीहूनही. या धांदलीत एक काम मात्र मामा-मावशीवर सोपवता येत नाही. पाळकसाहेबांसमोर बसून वधूवरांना स्वतःच काही प्रश्नांची उत्तरे द्यावी लागतात.

अमेरिकन मिशनरी रॉयल वायल्डर १८५२ मध्ये कोल्हापुरात आले. या भागातील प्रॉटेस्टंट मंडळ्यांचा इतिहास तेव्हापासूनचा. या मंडळ्यांत पाळक हा लग्नापुरता बोलावलेला माणूस नसतो. घरातले बारसे, आजारपण, मर्तिक त्याने पाहिलेले असते. त्यामुळे त्याच्याशी बोलताना मुलामुलींना आधारही वाटतो आणि थोडा संकोचही.

या तयारीचा एक भाग कायद्याचा आहे. ख्रिस्ती विवाह १८७२ च्या कायद्याने लावले जातात. एकच पक्ष ख्रिस्ती असला, तरी चर्चमधील विवाहाला हाच कायदा लागू होतो. परवानाधारक पाळकाकडे लेखी सूचना द्यायची असते. तीत दोघांची नावे, व्यवसाय, पत्ते आणि तिथे किती काळ राहिले हे लिहावे लागते. ही सूचना चर्चमध्ये ठळक जागी लावतात. उपासनेच्या वेळी जाहीर वाचण्याची जुनी प्रथाही अनेक ठिकाणी आहे. कोणाची हरकत असल्यास ती वेळीच पुढे यावी, हा हेतू. वर २१ आणि वधू १८ वर्षांची आहे ना, कोणाचा आधीचा जोडीदार हयात नाही ना, हेही पाहिले जाते. अधिकार नसताना लग्न लावणाऱ्याला दहा वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

पण कागद पुरे झाले म्हणजे तयारी झाली, असे जाणता पाळक मानत नाही. तो दोघांशी आधी वेगवेगळे बोलतो. मुलगी मनापासून हो म्हणते आहे, की बाबांनी शब्द दिला म्हणून मान खाली घालते आहे? मुलाच्या मनात दुसरे कोणी आहे का? मग दोघांना एकत्र बसवून रोजच्या संसारातले विषय निघतात. तो कागलच्या एमआयडीसीत रात्रपाळी करणार आणि ती कोल्हापूरला नोकरीला जाणार, तर स्वयंपाक कोणी करायचा? तिचा पगार कोणाच्या हाती? घरावर कर्ज किती? दारूची सवय, जुने आजारपण लपवलेले नाही ना? शेवटी विवाहाच्या शपथा आधीच वाचून समजावल्या जातात. सुखदुःखात, आजारपणात, मरेपर्यंत साथ देण्याचे वचन गर्दीसमोर पहिल्यांदाच कानी पडू नये. कॅथलिक पंथात तर विवाहपूर्व वर्ग रीतसर भरतात.

एवढी खबरदारी का, याचे उत्तर १८६९ च्या घटस्फोट कायद्यात सापडते. पत्नीचा व्यभिचार सिद्ध झाला की पतीला सुटका मिळे. पत्नीला मात्र नुसता व्यभिचार पुरत नसे. त्याच्या जोडीला क्रौर्य किंवा त्यागही सिद्ध करावा लागे. परस्परसंमतीची वाट तर कोणालाच नव्हती. मुंबई उच्च न्यायालयाने हा भेदभाव १९९७ मध्ये घटनाबाह्य ठरवला आणि २००१ मध्ये संसदेने कायदाच बदलला. तोवर कितीतरी बायकांना नुसत्या छळाच्या कारणावरून सुटका मागता येत नव्हती. त्यांच्यासाठी लग्नाआधीची ती बैठक म्हणजे थांबण्याची शेवटची संधी होती.

आता कायद्याने वाट मोकळी केली आहे, पण मोडलेल्या संसाराचे दुःख कमी झालेले नाही. म्हणून ही बैठक हॉलची अनामत भरण्यापूर्वी, शक्यतो साखरपुड्याआधी व्हावी. पत्रिका वाटून झाल्यावर ‘मला हे लग्न नको’ म्हणायला फार मोठे धैर्य लागते आणि ते विशीतल्या मुलीकडून अपेक्षिणे अन्यायाचे आहे.

हे प्रश्न काही एका धर्माचे नाहीत. लग्न ठरवताना पाळक नसेल, तर काका, आत्या, शिक्षक, कोणीतरी विश्वासाचे माणूस ते विचारू शकते. आपल्या लेकीला एकटीला जवळ बसवून ‘तुला खरेच पसंत आहे ना?’ असे विचारावे आणि तिचे उत्तर शांतपणे ऐकून घ्यावे. मानपानाची यादी त्यानंतर केली तरी चालते.