हजेरीची नोंद चुकली, तर पगाराचे गणित बिघडते!

कार्यालयाच्या दारातील टेबलावर जाडजूड मस्टर, त्यासमोर सह्यांसाठी लागलेली रांग आणि दहा मिनिटे उशीर झाल्यास नावापुढे उमटणारी लाल शाईची खूण हे चित्र शहरांतील बहुतेक आस्थापनांतून आता इतिहासजमा झाले आहे. त्याची जागा बोटाचा ठसा, चेहरा किंवा ओळखपत्र वाचणाऱ्या यंत्रांनी आणि मोबाइलवरील अ‍ॅपने घेतली आहे. ग्रेटएचआर, केका, झोहो, डार्विनबॉक्स अशा प्रणाली खासगी क्षेत्रात रुळल्या आहेत. राज्य शासनाच्या कर्मचाऱ्यांची वेतनदेयके 'सेवार्थ' या प्रणालीतून, तर शाळांतील शिक्षकांची 'शालार्थ'मधून तयार होतात.

मस्टरच्या काळात चूक झाली, तर हेडक्लार्कला गाठून ती दुरुस्त करून घेता येत असे. संगणकाला मात्र कोणाची ओळख नसते. जी नोंद त्याच्याकडे नाही, ती घटना त्याच्या लेखी घडलेलीच नसते. कर्मचारी दिवसभर ग्राहकाच्या कार्यालयात राबला, तरी त्याची नोंद झाली नसेल तर तो दिवस गैरहजेरीचा ठरतो आणि महिनाअखेरीस त्याचे पैसे कापले जातात. त्यामुळे या प्रणालीकडे केवळ पगारपत्रक उतरवून घेण्याचे साधन म्हणून न पाहता, आपल्या कमाईचे खातेपुस्तक म्हणून पाहणे कर्मचाऱ्याच्या हिताचे आहे.

हजेरीपासून पगारापर्यंत

प्रणालीचे नाव कोणतेही असले, तरी कामाची रीत साधारण सारखीच असते. यंत्रावरील आगमन-निर्गमनाच्या वेळा कर्मचाऱ्याला नेमून दिलेल्या पाळीशी ताडून पाहिल्या जातात. त्यावरून तो दिवस पूर्ण हजेरीचा, अर्ध्या दिवसाचा की गैरहजेरीचा हे ठरते. पुढे मंजूर रजा, सुट्या आणि बाहेरगावचे काम यांची सांगड घालून 'वेतनपात्र दिवस' काढले जातात आणि त्यांनुसार पगाराची आकारणी होते.

यात कळीचा मुद्दा असतो तो 'कट-ऑफ' तारखेचा. महिनाअखेरीस पगार वेळेवर व्हावा म्हणून अनेक आस्थापना २० किंवा २५ तारखेलाच हजेरीचा हिशेब बंद करतात. उरलेल्या दिवसांत कर्मचारी हजर राहील असे गृहीत धरले जाते आणि फरक पुढील महिन्यात वळता केला जातो. या तारखेनंतर केलेली दुरुस्ती खरी असली, तरी तिचे पैसे बहुधा महिनाभर उशिराने थकबाकी म्हणून मिळतात. आपल्या आस्थापनेची कट-ऑफ तारीख माहीत करून घेणे आणि तिच्या दोन-तीन दिवस आधी महिन्याचा हजेरीपट नजरेखालून घालणे ही सवय लावून घेतली, तर निम्म्या तक्रारी उद्भवणारच नाहीत.

दोन दिवसांची किंमत

नेहमी आढळणाऱ्या चुका मोजक्याच आहेत. सकाळी ठसा दिला पण संध्याकाळी द्यायचा राहिला. यंत्राने ठसा ओळखला नाही. पाळी बदलली पण प्रणालीत जुनीच राहिली. रजेचा अर्ज केला पण वरिष्ठांनी तो मंजूर केला नाही. या सर्वांचा परिणाम एकच, 'एलओपी' म्हणजे बिनपगारी दिवस.

त्याचा हिशेब उदाहरणाने स्पष्ट होईल. समजा, एखाद्या कर्मचाऱ्याचा एकूण मासिक पगार ३६,००० रुपये असून त्यात मूळ वेतन १८,००० रुपये आहे. तीस दिवसांच्या महिन्यात त्याचे दोन दिवस बिनपगारी धरले गेले, तर पगारातून २,४०० रुपये वजा होतात. मूळ वेतनाचा भाग १,२०० रुपयांनी घटल्यामुळे भविष्यनिर्वाह निधीत १२ टक्क्यांप्रमाणे कर्मचाऱ्याचे १४४ रुपये कमी जमा होतात आणि पूर्ण मूळ वेतनावर वर्गणी भरणाऱ्या आस्थापनेत मालकाचेही तेवढेच कमी होतात. म्हणजे बँकेत आलेली रक्कम पाहून जेवढा फटका जाणवतो, त्यापेक्षा प्रत्यक्ष नुकसान अधिक असते. काही आस्थापना दिवसाचा दर काढण्यासाठी पगाराला ३० ऐवजी २६ ने भागतात. त्या रीतीने याच दोन दिवसांचे सुमारे २,७६९ रुपये होतात. आपल्याकडे कोणती रीत आहे, हे सेवानियमांत पाहून ठेवावे.

या चुकांवरचा उपाय प्रणालीतच असतो. 'रेग्युलरायझेशन' म्हणजे हजेरीची दुरुस्ती, 'ऑन ड्यूटी' म्हणजे कार्यालयाबाहेरील काम आणि 'कॉम्प-ऑफ' म्हणजे सुटीच्या दिवशी केलेल्या कामाबद्दलची बदली सुटी, असे तीन स्वतंत्र अर्ज बहुतेक प्रणालींत आढळतात. अर्ज करताना 'विसरलो' एवढाच शेरा न लिहिता दिनांक, वेळ, स्थळ आणि कोणाच्या सांगण्यावरून काम केले, हे एका वाक्यात नोंदवावे. अर्ज दाखल झाला म्हणजे काम झाले, असेही समजू नये. 'प्रलंबित' हा शब्द जाऊन 'मंजूर' दिसेपर्यंत हिशेबाच्या दृष्टीने काहीच बदललेले नसते.

उशिरापर्यंत थांबल्याची नोंद म्हणजे आपोआप जादा कामाचा मोबदला, हाही असाच एक गैरसमज. अनेक आस्थापनांत जादा कामासाठी वरिष्ठांची पूर्वसंमती प्रणालीत नोंदवावी लागते. दुसरीकडे, सहकाऱ्याला आपले ओळखपत्र देऊन हजेरी लावून घेणे ही अनेकांना किरकोळ वाटणारी सोय गैरवर्तन ठरून नोकरीवर बेतू शकते.

रजेच्या खात्यावर नजर

रजेचे खाते बँकेच्या खात्यासारखेच तपासावे लागते. महाराष्ट्रातील दुकाने व आस्थापनांसाठीच्या २०१७ च्या कायद्याच्या कक्षेत येणाऱ्या कामगारांना वर्षाला ८ दिवस किरकोळ रजा मिळते. वर्षात २४० दिवस काम केलेल्यांना दर २० दिवसांमागे एक दिवस पगारी रजा मिळते आणि ती ४५ दिवसांपर्यंत साठवता येते. आस्थापनेने स्वतःच्या नियमांत याहून अधिक रजा दिली असेल, तर गोष्ट वेगळी. वर्ष बदलताना शिल्लक रजा पुढे ओढली गेली की नाही, हे जानेवारी किंवा एप्रिलमध्ये, म्हणजे आस्थापनेचे रजावर्ष सुरू होताच पाहावे. शिल्लक असतानाही रजेचा प्रकार चुकीचा निवडल्याने बिनपगारी दिवस लागल्याची उदाहरणे कमी नाहीत.

पगारपत्रक वाचायचे कसे?

पगारपत्रकाच्या डाव्या बाजूला मिळकत आणि उजव्या बाजूला कपात, अशी साधारण मांडणी असते. बहुतेकांची नजर थेट तळाच्या निव्वळ रकमेवर जाते. त्याऐवजी आधी वेतनपात्र दिवसांचा आकडा पाहावा. तो बरोबर असेल, तरच पुढचे आकडे तपासण्यात अर्थ आहे.

कपातींपैकी व्यवसायकर महाराष्ट्रात दरमहा १०,००० रुपयांपेक्षा अधिक पगारावर २०० रुपये आणि फेब्रुवारीत ३०० रुपये, असा वर्षाला २,५०० रुपये असतो. फेब्रुवारीत शंभर रुपये कमी का आले, या दरवर्षीच्या प्रश्नाचे उत्तर हेच. दरमहा २५,००० रुपयांपर्यंत पगार असलेल्या महिलांना एप्रिल २०२३ पासून हा कर माफ आहे. मात्र प्रणालीत लिंगाची नोंद चुकलेली असेल, तर तो कापला जातो. जून आणि डिसेंबरमध्ये दिसणारी छोटी कपात कामगार कल्याण निधीची असते.

भविष्यनिर्वाह निधीची रक्कम पगारपत्रकात कापलेली दिसणे आणि ती निधीच्या खात्यात जमा होणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मालकाने ती पुढील महिन्याच्या १५ तारखेपर्यंत भरायची असते. त्यामुळे दर तिमाहीला तरी निधी संघटनेच्या पासबुकातील नोंदी पगारपत्रकांशी ताडून पाहाव्यात. नोकरी बदलली, तरी 'यूएएन' हा बारा अंकी क्रमांक तोच राहतो. नव्या ठिकाणी रुजू होताना तोच द्यावा, म्हणजे जुनी रक्कम विखुरत नाही.

घोषणापत्राचा कंटाळा महाग पडतो

एप्रिलमध्ये प्रणालीकडून येणारी प्राप्तिकर घोषणापत्राची सूचना अनेक जण बाजूला सारतात. जुनी की नवी करप्रणाली, याचा पर्याय कळवला नाही, तर २०२३-२४ या आर्थिक वर्षापासून नवी प्रणाली गृहीत धरून कर कापला जातो. नव्या प्रणालीत २०२५-२६ च्या तरतुदींनुसार १२ लाख रुपयांपर्यंतच्या करपात्र उत्पन्नावर सवलतीमुळे कर लागत नाही आणि नोकरदारांना ७५ हजार रुपयांची प्रमाणित वजावटही मिळते. घरभाडे आणि दीड लाख रुपयांपर्यंतची गुंतवणूक यांच्या वजावटी मात्र जुन्या प्रणालीतच आहेत. ज्यांना जुनी प्रणाली लाभाची आहे, त्यांनी मागणी होताच पुरावे भरावेत. तसे न केल्यास संपूर्ण वर्षाचा कर जानेवारी ते मार्च या तीन पगारांतून वसूल होतो. वर्षाच्या मध्यावर नोकरी बदलली असेल, तर आधीच्या मालकाकडील उत्पन्न व कपातही नव्या प्रणालीत नोंदवावी. एरवी दोन्हीकडे वजावट धरली जाऊन विवरणपत्र भरताना मोठी रक्कम एकदम भरावी लागते.

चूक आढळल्यास

दाद मागण्याचा मार्ग लेखी असावा. प्रणालीतील तक्रारीच्या सोयीतून अर्ज करून त्याचा क्रमांक जपावा आणि हजेरीपटाचे चित्र जोडावे. तोंडी आश्वासन मिळाले, तर त्याच दिवशी ई-मेल करून ते नोंदीवर आणावे.

कायद्याचा आधारही आहे. वेतन संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. तिच्यानुसार मासिक पगार पुढील महिन्याच्या सात तारखेपर्यंत देणे आणि पगारपत्रक देणे बंधनकारक आहे. गैरहजेरीबद्दलची कपात साधारणतः गैरहजेरीच्या कालावधीच्या प्रमाणातच करता येते. अर्ध्या दिवसाच्या गैरहजेरीला दोन दिवसांचा पगार कापणे या तत्त्वात बसत नाही. सर्व कपाती मिळून पगाराच्या निम्म्याहून अधिक होता कामा नयेत. कमी वेतनाबद्दलचा दावा तीन वर्षांच्या आत दाखल करता येतो आणि देणे चुकते केल्याचे सिद्ध करण्याची जबाबदारी मालकावर असते. असे असले, तरी कर्मचाऱ्याच्या हाती स्वतःच्या नोंदी असतील, तर वाद तेथवर जाण्याआधीच मिटण्याचा संभव अधिक.

दार बंद होण्यापूर्वी

कर्मचाऱ्याचा प्रणालीतील प्रवेश बहुधा नोकरीच्या अखेरच्या दिवशी बंद होतो आणि नेमकी त्यानंतरच जुन्या कागदपत्रांची गरज भासते. गृहकर्जासाठी पगारपत्रके, नव्या मालकासाठी अनुभवाचा पुरावा, विवरणपत्रासाठी करकपातीचे प्रमाणपत्र अशा कागदांसाठी मग जुन्या कार्यालयाचे उंबरठे झिजवावे लागतात. म्हणून पगारपत्रके दरमहा उतरवून स्वतःच्या संगणकात ठेवावीत. प्रणालीत कार्यालयीन ई-मेलसोबत वैयक्तिक पत्ताही नोंदवावा. राजीनाम्यानंतर शिल्लक रजेचा आकडा, देय रकमा आणि निधीच्या खात्यातील नोकरी सोडल्याची तारीख या तिन्ही गोष्टी तपासाव्यात. वेतन संहितेनुसार नोकरी सोडणाऱ्याचे वेतन कामकाजाच्या दोन दिवसांत चुकते करावयाचे असते.

या सगळ्यासाठी संगणकाचे विशेष ज्ञान लागत नाही. आठवड्यातून पाच मिनिटे हजेरीपटाला, कट-ऑफपूर्वी पाव तास प्रलंबित अर्जांना आणि पगाराच्या दिवशी दहा मिनिटे पगारपत्रकाला दिली तरी पुरेसे आहे. वाण्याचे बिल तपासल्याशिवाय पैसे न देणाऱ्या नोकरदाराने स्वतःच्या महिन्याभराच्या श्रमाचे बिलही एकदा तपासून पाहायला हवे.