पहिलं पाऊल जपून!

सकाळी उठून पहिलं पाऊल टाकलं की टाचेत खिळा घुसल्यासारखी कळ, आणि थोडं चाललं की कमी? बहुधा प्लांटर फॅसायटिस! टाचेपासून बोटांपर्यंत गेलेला तळव्यातला जाड पट्टा यात दुखावतो. जानेवारीतल्या मुंबई मॅरेथॉनसाठी एकदम धावत सुटलेले, तासन्‌तास उभ्याने काम करणारे... माझ्या ओळखीतच किती निघाले! एका मैत्रिणीच्या एक्स-रेत टाचेचं हाड वाढलेलं दिसलं, आणि ऑपरेशनच्या धसक्याने तिची झोपच उडाली. अगं, असं हाड न दुखणाऱ्या टाचांतही सापडतं! पोटरी-तळव्याचं रोज स्ट्रेचिंग, मऊ सोलचे बूट आणि काही महिने धीर, बहुतेकांना एवढं पुरतं. टाच सुजली किंवा बधिर झाली तर मात्र थेट डॉक्टर गाठा.