दुकानातले चाळीस, रस्त्यावरचे एकोणीस

मैत्रिणींनो, माझं काम दारोदार हिंडण्याचं. पोस्टाच्या महिला प्रधान क्षेत्रीय बचत योजनेची मी एजंट. राहुरी तालुक्यातल्या दोन गावांत आणि चार वाड्यांवर बायकांची आरडीची खाती आहेत. कुणाची शंभराची, कुणाची पाचशेची. महिन्याच्या पहिल्या पंधरवड्यात हप्ते गोळा करायचे आणि पोस्टात भरायचे. एका फेरीचे चोवीस किलोमीटर होतात. इतकी वर्षं एसटी, जीप आणि माझी लेडीज सायकल यांवर भागवलं. पण पन्नाशी उलटली आणि गुडघ्यांनी कुरकुर सुरू केली.

चिरंजीव म्हणाले, "आई, स्कूटी घे." यांचं मत, "एवढ्या वयात पडलीस-झडलीस तर?" मला सायकल सोडवत नव्हती. सायकलला लायसन लागत नाही, पेट्रोल लागत नाही आणि मुख्य म्हणजे "मला जरा सोडतोस का रे?" असं कुणाला विचारावं लागत नाही. मग एका दुकानात पाटी दिसली : 'तुमची जुनी सायकल इलेक्ट्रिक करून मिळेल.' दुकानदाराने सायकल स्टँडवर लावून मागचं चाक गरगर फिरवून दाखवलं. मीटरवर तीसचा आकडा. "वेग तीस, आणि एका चार्जमध्ये चाळीस किलोमीटर, ताई!" मी मनातल्या मनात हिशेब केला. माझी फेरी चोवीसची, म्हणजे वर सोळा शिल्लक. वीस हजारांच्या आसपास मोजले आणि सायकल घेऊन आले.

पहिल्याच फेरीला, एकोणिसाव्या किलोमीटरवर, सायकल बंद पडली.

वेळ दिवेलागणीची. एका बाजूला मुळेच्या कालव्याची चारी, दुसऱ्या बाजूला डोक्याच्या वर गेलेला ऊस. आमच्याकडे उसात बिबट्या असतो हे शेंबडं पोरही सांगेल. पिशवीत बायकांचे नऊ-दहा हजार रुपये. ते माझे नव्हते, म्हणून जास्त भीती. सव्वीस किलोची सायकल पायडल मारत पाच किलोमीटर ओढली तेव्हा गुडघे काय म्हणाले, ते इथे छापण्याजोगं नाही. घरी आल्यावर कुणी काही बोललं नाही. पण सगळ्यांच्या चेहऱ्यावर 'आम्ही सांगत होतो' हे लिहिलेलं होतं.

दुसऱ्या दिवशी दुकानदाराला विचारलं, तर तो म्हणाला, "ताई, तुम्ही पायडल मारलंच नसेल." आता मोटार बसवली ती पायडल मारायला लागू नये म्हणूनच ना! असो. राग आला, पण रागावून रस्ता कमी होत नाही. आमच्या शेजारी आयटीआयमधून निवृत्त झालेले एक सर राहतात. त्यांच्याकडे गेले. ते म्हणाले, "वहिनी, तुम्ही व्याजाचे हिशेब करता ना? हा त्याहून सोपा आहे." आणि खरंच सोपा निघाला. तोच आज तुम्हाला सांगते.

बॅटरी म्हणजे पाण्याची टाकी समजा. टाकीत किती मावतं ते बॅटरीवरच्या चिठ्ठीवर लिहिलेलं असतं, पण दोन तुकड्यांत. माझ्या बॅटरीवर होतं : ३६ व्होल्ट, ७.५ अँपिअर-तास. दोन्हींचा गुणाकार करायचा. ३६ गुणिले ७.५ म्हणजे २७० वॅट-तास. हजार वॅट-तास म्हणजे आपल्या लाइटबिलातलं एक युनिट. म्हणजे माझी सायकल पाव युनिटाच्या जरा वर चालते. पण टाकी तळापर्यंत उपसायची नाही, बॅटरीचं आयुष्य कमी होतं. शंभरातले पंधरा राखीव ठेवायचे. उरले २३०.

आता एका किलोमीटरला किती लागतात? सरांनी बॅटरी आणि मोटार यांच्यामध्ये एक छोटा मीटर जोडून दिला. मी आठ दिवस आरडीच्या वहीच्या मागच्या पानावर आकडे लिहिले. नुसत्या मोटारीवर, पाय हलवायचे नाहीत असं चालवलं, तर किलोमीटरला १३ वॅट-तास. वेग अठरावर ठेवून हलकं पायडल मारत राहिलं, तर ८. आता भागाकार करा. २३० भागिले १३ म्हणजे साडेसतरा किलोमीटर. २३० भागिले ८ म्हणजे अठ्ठावीस-एकोणतीस. त्या संध्याकाळी राखीव पाण्यासकट सगळी टाकी उपसून मी एकोणीस गाठले होते. सायकलने मला दगा दिला नव्हता. मीच न मोजता निघाले होते.

दुकानदाराचे चाळीस कुठून आले? २७० भागिले ४०, म्हणजे किलोमीटरला पावणेसात. सपाट रस्ता, हलका तरुण मुलगा, वारा नाही, वेग कमी आणि सतत पायडल, असं सगळं जुळून आलं तर ते शक्यही असेल. पण तो मुलगा म्हणजे मी नव्हे!

तीसच्या वेगाचंही तसंच. अंगणात रांगोळीची रेघ मारली, टायरला खूण केली आणि चाक एक फेरा ढकललं. टेपने मोजलं, २ मीटर ७ सेंटिमीटर. माझी मोटार मोकळी असताना मिनिटाला २४० फेरे घेते. म्हणजे तासाला १४,४०० फेरे, त्याला २.०७ ने गुणलं की जवळजवळ तीस किलोमीटर. आकडा खोटा नव्हता, पण तो हवेत उचललेल्या चाकाचा होता! चाकावर माणूस बसलं की वेग त्याच्या तीन चतुर्थांश ते चार पंचमांश उरतो. मला रस्त्यावर तेवीस मिळतो. बॅटरी भरलेली असताना माझ्या मीटरवर ४२ व्होल्ट दिसतात आणि संपत येताना ३२ च्या आसपास. व्होल्ट उतरले की वेगही उतरतो. फेरीच्या शेवटी मला अठराच मिळतो. हॅंडलवरच्या तीन हिरव्या दिव्यांवर तर मुळीच विसंबू नका. चढावर दोन विझतात, उतारावर पुन्हा लागतात. आकड्यात व्होल्ट दाखवणारा मीटर घ्या.

खर्च कशाने वाढतो तेही सांगते. पहिला, वेग. वेग दुप्पट केला की हवेचा विरोध चौपट होतो. घाई केली की टाकी लवकर रिकामी. दुसरा, वारा. आपल्या जिल्ह्यात आषाढातला वारा काय असतो हे सांगायला नको, सुप्याकडच्या डोंगरांवर पवनचक्क्या उगाच नाही उभ्या केल्या! जाताना अकरा किलोमीटर तो माझ्या तोंडावर असतो, तेव्हा पायडल मारूनही किलोमीटरला १७ लागतात. परतीच्या तेरा किलोमीटरला तो पाठीवर, तेव्हा ६. बेरीज केली तर १८७ अधिक ७८, म्हणजे २६५. माझ्याकडे २३०. येताना वाचतील या भरवशावर जाताना उधळायचं नाही, हे त्या आकड्यांनी शिकवलं. तिसरा, चढ. मी, सायकल आणि पिशवी मिळून ९५ किलो. एवढं वजन तीस मीटर उंच, म्हणजे दहा मजली इमारतीएवढं चढवायला साधारण १० वॅट-तास जातात. आमचा भाग सपाट, म्हणून मला फरक पडत नाही. पण अकोल्याच्या डोंगरातल्या मैत्रिणीला तीनशे मीटर चढायचं असेल, तर तेवढ्यातच १०० गेले म्हणून समजायचं. चौथी, टायरमधली हवा. दर आठवड्याला भरा, यात कंजुषी नको.

आपल्या नगरकरांना हे सगळं नवं वाटायला नको खरं तर. १९७२ साली लूना आली ती नगरच्याच कारखान्यातून. पन्नास सीसीचं इंजिन आणि खाली सायकलचे पायडल. पेट्रोल संपलं तर पायडल मारत घर गाठायचं. किती शिक्षिका, नर्सबाई त्या लूनावर नोकऱ्या करून निवृत्त झाल्या! फेब्रुवारी २०२४ मध्ये तीच लूना विजेवरची होऊन आली. बॅटरी दोन युनिटांची, आणि कंपनीचा आकडा एका चार्जमध्ये ११० किलोमीटर. करा भागाकार : २००० भागिले ११०, म्हणजे किलोमीटरला १८. माझ्या सायकलच्या दुपटीहून जास्त, पण ती गाडी जड आणि ताशी पन्नासनं पळणारी. तिला नोंदणी आणि लायसनही लागतं. नगरजवळच संरक्षण खात्याची वाहन संशोधन संस्था आहे, व्हीआरडीई. तिथे गाड्यांच्या चाचण्यांसाठी खास ट्रॅक आहेत. कुठल्याही गाडीचा जाहिरातीतला आकडा असा ठरलेल्या पद्धतीने, ठरलेल्या वजनाने काढलेला असतो. आपला रस्ता, आपलं वजन आणि आपला वारा त्यात नसतो. तो आपणच मिळवायचा.

माझी फेरी मी आता अशी करते. एरवी अठराच्या वेगाने, हलकं पायडल मारत : २४ गुणिले ८ म्हणजे १९२. सुखरूप घरी. आषाढ-श्रावणात चार्जर पिशवीत घेऊन निघते. दुसऱ्या गावात एका खातेदार बाईंच्या ओट्यावर हप्ते लिहीत बसते, तेवढ्यात तासभर चार्जिंगला लावते. तासाभरात सत्तर वॅट-तास मिळतात, तूट भरून निघते. पहिल्या दिवशी विजेचे पैसे देऊ केले, तर त्या म्हणाल्या, "अवं ताई, रुपयाबी न्हाई होत त्याचा. चहा घ्या."

तुम्ही घेणार असाल तर दुकानात जाण्याआधी घरी एक हिशेब करून जा. रोजचे किलोमीटर गुणिले १३. त्याच्या दीडपट घ्या. वाऱ्याला, राखीव साठ्याला आणि बॅटरीच्या म्हातारपणाला तेवढं हवंच, कारण काही शे चार्जिंगनंतर टाकी आटत जाते. माझं धरा : २४ गुणिले १३ म्हणजे ३१२, दीडपट ४६८. भागिले ३६ व्होल्ट, म्हणजे १३ अँपिअर-तास. मला हवी होती तेराची बॅटरी, मी घेतली साडेसातची!

आणखी दोन गोष्टी. नियमानुसार मोटारीची ताकद २५० वॅटच्या आत आणि वेग ताशी २५ किलोमीटरच्या आत असलेल्या, मान्यताप्राप्त संस्थेनं तपासलेल्या वाहनालाच नोंदणी आणि लायसन यांतून सूट आहे. तेव्हा दुकानदाराकडे तोंडी हमी नको, कागद मागा. आणि वजन वाढतं म्हणून ब्रेक नवे बसवून घ्या. चार्जिंग झोपायच्या खोलीत नको, रात्रभर नको, आणि उन्हातून तापून आलेली बॅटरी लगेच लावायची नाही, आधी गार होऊ द्यायची.

परवा वाडीवरच्या एका सुनेनं विचारलं, "मावशी, मलाबी बसवायची हाय, शिवणाच्या क्लासला जायाला. किती लांब जाती वो?" मी वहीचं मागचं पान उघडलं आणि तिलाच विचारलं, "आधी सांग, तुझा क्लास किती लांब?" तिनं स्वतः गुणाकार केला, दोनदा चुकली, तिसऱ्यांदा बरोबर आला.

आणि हो, मी एक नवीन आरडी खातं उघडलंय, पाचशे रुपयांचं, तेराच्या बॅटरीसाठी. एजंट मीच, आणि या खेपेला खातेदारही मीच!