गोड्या पाण्याने मंदावलेला समुद्र

सुमारे १२,९०० वर्षांपूर्वी पृथ्वी हिमयुगातून बाहेर पडत होती. बर्फ वितळत होता, ऊब वाढत होती. अशात उत्तर अटलांटिकच्या भोवतालचा प्रदेश पुन्हा गारठला आणि जवळजवळ बाराशे वर्षे तसाच राहिला. शास्त्रज्ञ या काळाला ‘यंगर ड्रायस’ म्हणतात. ऊब वाढत असताना थंडी परतली कशी, हे आपण क्रमाने पाहू.

आधी समुद्राची नेहमीची रीत. उष्ण कटिबंधातले कोमट, खारे पाणी अटलांटिकच्या पृष्ठभागावरून उत्तरेकडे जाते. ग्रीनलँड-आइसलँडच्या परिसरात ते आपली ऊब हवेला देते. गार झालेले खारे पाणी जड असते, म्हणून ते खोल बुडते आणि खालून दक्षिणेकडे परतते. या फेऱ्याला अभिसरण म्हणतात. आज त्यात दर सेकंदाला सुमारे १ कोटी ७० लाख घनमीटर पाणी फिरते. जगातल्या सगळ्या नद्यांचे पाणी एकत्र केले, तरी ते याच्या दहाव्या हिश्शाहून कमीच भरेल.

आता बर्फाकडे वळू. कॅनडावर तेव्हा लॉरेंटाइड हा किलोमीटर-किलोमीटर जाडीचा हिमस्तर होता. त्याच्या कडेला वितळलेले पाणी साचून अगॅसिझ नावाचे अवाढव्य सरोवर तयार झाले. एका बाजूला बर्फाचाच बांध. बर्फ मागे हटला, की पाण्याला समुद्राकडे नवी वाट मिळे.

हे पाणी समुद्रात शिरल्यावर काय होते, ते घरीच करून पाहता येईल. अर्धा ग्लास पाण्यात दोन-तीन चमचे मीठ पूर्ण विरघळवा. मग खाण्याचा रंग घातलेले साधे पाणी चमच्याच्या पाठीवरून अगदी हळू सोडा. रंगीत थर वरच तरंगेल. समुद्रातही गोड्या पाण्याचा असाच थर पसरतो. तो कितीही गारठला तरी खालच्या खाऱ्या पाण्यापेक्षा हलकाच राहतो, त्यामुळे बुडत नाही. हिवाळ्यात तो लवकर गोठतो आणि वर बर्फाचे झाकण बसते.

इथेच समजुतीचा घोटाळा होतो. बर्फाचे पाणी थंड असते म्हणून समुद्र गार झाला, असे वाटते. पण खरा परिणाम ते बिनमिठाचे असण्याचा आहे. पाणी बुडेनासे झाले, की दक्षिणेकडून येणारी ऊब आटते. गल्फ स्ट्रीम मात्र पूर्ण बंद पडत नाही, कारण तो बऱ्याच अंशी वाऱ्यांवर चालतो.

दुसरी गफलत म्हणजे फक्त पाण्याचे प्रमाण मोजणे. सुमारे १४,६०० वर्षांपूर्वी समुद्रपातळी काही शतकांत दहा मीटरहून अधिक वाढली, तरी त्या वेळी उत्तर अटलांटिक उबदार होता. पाणी नेमके कुठे उतरते, हे फार महत्त्वाचे. म्हणूनच अगॅसिझच्या वाटेवरून वाद आहे. शास्त्रज्ञ वॉलेस ब्रोकर यांनी सेंट लॉरेन्स नदीकडे बोट दाखवले. पुढे मॅकेन्झी नदीवाटे आर्क्टिकमध्ये पाणी गेल्याचे पुरावे मिळाले.

प्रवाह मंदावल्याची नोंद बर्म्युडाजवळच्या समुद्रतळातल्या गाळात आहे. पाण्यातल्या युरेनियमपासून थोरियम आणि प्रोटॅक्टिनियम ही दोन मूलद्रव्ये तयार होतात. थोरियम लगेच तळाशी बसते, प्रोटॅक्टिनियम प्रवाहाबरोबर दूर जाते. प्रवाह संथ असेल तर तेही तिथेच साचते. यंगर ड्रायसच्या थरात त्याचे प्रमाण वाढलेले दिसते. सुमारे १७,५०० वर्षांपूर्वी हिमनगांचे ताफे समुद्रात आले, त्या काळच्या थरात तर ते आणखी वाढले आहे.

या उलथापालथीची झळ आपल्यापर्यंतही पोचली. उत्तर गारठल्यावर उष्ण कटिबंधातला पावसाचा पट्टा दक्षिणेकडे सरकला. मेघालयातल्या मॉम्लूह गुहेत छतावरून ठिबकणाऱ्या पाण्याने घडलेले चुनखडीचे खांब आणि अरबी समुद्राचा गाळ, दोन्हींत त्या काळी मान्सून क्षीण झाल्याच्या खुणा आहेत. अंटार्क्टिका मात्र त्याच वेळी उबदार होत होती, कारण उत्तरेला न गेलेली उष्णता दक्षिण गोलार्धातच राहिली.