वयाच्या दाखल्यावर अडलेला न्याय

रेल्वेच्या फलाटावर राहणाऱ्या मुलाला पोलिसांनी ताब्यात घेतले, तर पुढे काय होणार हे बहुतांशी त्याच्या वयावर ठरते. वय अठराच्या आत असेल, तर बाल न्याय अधिनियम, २०१५ लागू होतो. बेघर असून रस्त्यावर राहणारा, भीक मागणारा मुलगा या कायद्याप्रमाणे गुन्हेगार नसून 'काळजी व संरक्षणाची गरज असलेले बालक' आहे. त्याला चोवीस तासांच्या आत बाल कल्याण समितीपुढे हजर करावे लागते. चोरीचा आरोप असला, तरी त्याला कोठडीत किंवा तुरुंगात ठेवता येत नाही. त्याचे प्रकरण एक दंडाधिकारी आणि दोन समाजसेवक असलेल्या बाल न्याय मंडळापुढे चालते.

तोच मुलगा एकोणीस वर्षांचा ठरला, की चित्र पालटते. उपजीविकेचे दिसणारे साधन नसताना, भिकेवर जगत असावा असे वाटण्याजोग्या अवस्थेत सार्वजनिक जागी फिरणे हेसुद्धा १९५९ च्या भिक्षा प्रतिबंधक कायद्यात भीक मागणेच समजले जाते. वॉरंटशिवाय अटक होऊ शकते आणि पहिल्याच खेपेला एक ते तीन वर्षे भिक्षेकरीगृहात राहावे लागू शकते. गरिबीलाच गुन्हा ठरवणाऱ्या या कायद्याची मुख्य कलमे दिल्ली उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१८ मध्ये दिल्लीपुरती घटनाबाह्य ठरवली. ज्या मुंबई राज्यात हा कायदा जन्मला, तिथल्या बेघरांना या निकालाचा थेट लाभ मिळालेला नाही.

म्हणून अशा मुलांच्या वकिलाला सर्वात आधी वयाच्या पुराव्यामागे धावावे लागते. कायद्याने पुराव्यांचा क्रम लावून दिला आहे: प्रथम शाळेचा दाखला किंवा दहावीचे प्रमाणपत्र, ते नसल्यास महापालिकेचा किंवा ग्रामपंचायतीचा जन्मदाखला, आणि दोन्ही नसतील तरच वैद्यकीय चाचणी. लहानपणी घर सोडलेल्या मुलाला गावाचे नाव आणि एखाद्या गुरुजींचे आडनाव एवढेच आठवत असते. तेवढ्या धाग्यावर जिल्हा परिषदेची शाळा हुडकायची, जनरल रजिस्टरमधली पहिलीच्या प्रवेशाची नोंद मिळवायची आणि मुख्याध्यापकांच्या सही-शिक्क्याचा उतारा मंडळापुढे ठेवायचा, हे चिकाटीचे काम आहे. ते जमले नाही, तर मनगट, कोपर यांचे एक्स-रे काढून हाडांच्या वाढीवरून वय ठरवतात. ही चाचणी आदेशापासून पंधरा दिवसांत पुरी व्हावी लागते, पण तिचा अंदाज दोन वर्षांनी पुढे-मागे होऊ शकतो. सतरा वर्षांच्या मुलासाठी ही दोन वर्षे फार मोठी आहेत.

अल्पवयीन असल्याचा दावा खटल्याच्या कोणत्याही टप्प्यावर, अगदी अंतिम निकालानंतरही करता येतो. पुण्यातल्या १९९४ च्या हत्याकांडात फाशीची शिक्षा झालेला एक कैदी घटनेच्या वेळी बारा वर्षांचा होता, हे राजस्थानातल्या शाळेच्या नोंदीवरून सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२३ मध्ये मान्य केले आणि त्याची सुटका झाली. तोवर त्याची अठ्ठावीस वर्षे तुरुंगात गेली होती.

विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ नुसार स्त्रिया व बालकांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. कोठडीतल्या प्रौढालाही तो हक्क आहे. कोठडीबाहेरच्या तरुणाला उत्पन्न कमी असल्याचे सांगावे लागते, पण त्यासाठी साधे प्रतिज्ञापत्रही पुरेसे मानता येते.

अठरानंतरच्या मदतीची तरतूद मात्र तोकडी आहे. बालगृहातून बाहेर पडणाऱ्यांना एकवीस वर्षांपर्यंत, अपवादाने तेवीसपर्यंत अनुरक्षण सेवा मिळू शकते. बालगृहाचे तोंडही न पाहिलेला तरुण या तरतुदीत बसत नाही. गोव्यातल्या अनाथाश्रमातून अठराव्या वर्षी बाहेर पडावे लागलेल्या अमृता करवंदे यांनी पुण्यातली पहिली रात्र रेल्वे स्थानकावर काढली होती. पुढे त्यांनी नेटाने केलेल्या पाठपुराव्यामुळे २०१८ मध्ये महाराष्ट्राने अनाथांना शिक्षण आणि शासकीय नोकरीत एक टक्का आरक्षण दिले. ते मोलाचे आहे, पण आईवडील हयात असूनही घर तुटलेल्या मुलांना त्याचा उपयोग नाही, आणि फलाटावर अशी मुले पुष्कळ असतात.

असे मूल दिसल्यास १०९८ या चाइल्ड हेल्पलाइनवर आणि मोफत वकिलासाठी १५१०० वर फोन करावा. मुलाकडे कागद नसले, तरी दोन्हीकडे मदत मागता येते.